माळ्यावरची तुळई

हार्लोची खिंड, वरमाँट
९ जुलै १७९७

बाबा,

मी सुखरूप आहे. तुमचा हातोडाही सुखरूप आहे, तेव्हा गोठ्यात त्याचा शोध घेणं थांबवा. पत्र ताईच वाचून दाखवणार. पेशन्सताई, माझ्या अक्षराला हसू नकोस. शाळेत जेवढा गेलो तेवढंच ते आलंय.

त्या दिवशी रानातले दगड वेचता वेचता मी दगड ओढायची बिनचाकी घसरगाडी अर्धी भरून निघून आलो. बैल किती वेळ उभे होते हो? ही गोष्ट मधूनच डोक्यात येते. ब्राइटला माशा फार चावतात आणि आपल्यापैकी कुणी हाकल्याशिवाय तो जागचा हलत नाही. पण तुम्हीही सगळ्या शेजाऱ्यांसमोर मी रचलेला बांधावरचा गडगा मलाच पाडायला लावलात. आडवा बसवायचा एक दगड उभा लावला, एवढ्यासाठी! "जोथम, तुझ्या हाताला घाई आहे, ती दगडाला कळते," म्हणालात. चर्चचा डीकन हसला. तो हसला नसता तर कदाचित मी राहिलोही असतो.

असो. सांगायचं ते वेगळंच. मी इथे एक आख्खं धुराडं बांधलं! एकट्यानं!

रगल्स म्हणून लोक आहेत. अझुबाकाकू, तिच्या दोन मुली आणि तिचा सासरा ओबेडआजोबा. नवरा गेल्या वर्षी झाड अंगावर पडून गेला. ओंडक्यांच्या खोपटात राहतात आणि शेजारी नवं घर उभं आहे. त्याला भिंती, छप्पर, दारं सगळं आहे, फक्त चूल आणि धुराडं नव्हतं. गवंडी मिळेना. मी रस्त्यानं जाताना पाणी प्यायला थांबलो, आणि काकूनं माझ्या पिशवीतून डोकावणारा हातोडा पाहिला.

"गवंडी आहेस का?"

"एनॉस सार्टवेलचा मुलगा आहे," मी म्हणालो. हे नाव तिनं कधी ऐकलं नव्हतं, पण मी अशा थाटात सांगितलं की ऐकलं असावं असं तिला वाटलं.

ओबेडआजोबांनी माझे हात ओढून उन्हात धरले. चुन्यानं पडलेल्या भेगा पाहिल्या. "हात गवंड्याचे आहेत," म्हणाले, "तोंड मात्र फेरीवाल्याचं आहे."

या म्हाताऱ्याच्या पायाची बोटं लढाईत हिवानं गेली. तेव्हापासून त्याला ऊब मिळत नाही. जुलैत अंगावर घोंगडी! दिवसभर माझ्यामागे उभा राहून तो दगडांना नावं ठेवायचा. "हा दगड माझ्या सासूसारखा बसलाय, कुणी उठवू नका." नव्या घरात त्याची खाट माळ्यावर टाकायची ठरलीय, थेट धुराड्याला टेकून. म्हणतो, "मरायच्या आधी एक हिवाळा पाठ शेकून घेतो."

तुम्ही करता तसंच सगळं केलं, बाबा. माती दाताखाली चावून पाहिली, खडे निघाले ती टाकली. गवत घालून पायांनी तुडवली. प्रत्येक दगड वाजवला, बद्द बोलला तो गडग्याला दिला. चुलीच्या तोंडावर एक लांब पाटदगड असा चढवलाय की बघत राहाल. छपराच्या वर चुन्यात काम केलं, आत मातीत. सुतारानं माळ्याची एक तुळई जरा पुढे आणून ठेवली होती, ती मध्ये येत होती, पण मी तिचं टोक दगडांत घेऊन वरून माती अशी सफाईनं लिंपली की त्या सुताराला स्वतःलाही ती सापडायची नाही.

सोमवारी काही गाड्या पश्चिमेला जेनेसीकडे निघतायत आणि त्यात मला जागा आहे. तिकडे म्हणे जमिनीत दगडच नाहीत! नांगर घातला की लोण्यासारखा जातो. तुम्हाला खरं वाटणार नाही.

तुमचं गवत कापून झालं असेल. ताई, बाबांच्या भेगांना मेंढीची चरबी लाव, ते स्वतः लावत नाहीत.

जोथम

•

मोहॉक नदीकाठ
२ ऑगस्ट

बाबा,

ही नदी तुम्ही बघायला हवी होती. काठावर डच लोक राहतात, त्यांच्या बायका उंबरठासुद्धा साबणानं धुतात. मी चिखलाच्या बुटांनी एकीच्या स्वयंपाकघरात गेलो तर तिनं मला उचलून बाहेर ठेवलं, मांजर ठेवतात तसं. नंतर चीज दिलं. इथे वाम मासे पकडायची एक तऱ्हा आहे, विणलेली टोपली घेऊन, तोंड असं अरुंद ठेवून... ते भेटल्यावर सांगीन. एका गाडीचं चाक मोडलं म्हणून आम्ही इथे अडकलोय. अडकलोय म्हणजे मला काही घाई नाही, वाम भरपूर आहेत.

तुमचं राय धान्य कापून झालं का? या दिवसांत पहाटे तुम्ही शेतात, दुपारी कुणाच्या तरी चुलीच्या दुरुस्तीला, आणि संध्याकाळी गुरांना पाणी पाजताना उभ्या उभ्या झोपलेले. ताई नेहमी म्हणते की बाबांच्या टोपीत निम्मी माती शेतातली असते आणि निम्मी धुराड्यातली.

ताई, आता वाचायचं थांब. इथून पुढचं बाबांना ऐकवू नकोस. सांग, पत्र संपलं.

ती तुळई, ताई. बाबांचा नियम तुलाही पाठ आहे. धूर आणि लाकूड यांच्यामध्ये वीतभर दगड. तिथे वीतभर नाही. तिथे दोन बोटं माती आहे.

मी वरपर्यंत चढलो तेव्हा लक्षात आलं की धुराची वाट कलतेय आणि तुळई नेमकी तिच्या अंगावर येतेय. करायचं काय ते मला माहीत होतं. वरचे थर उतरवायचे, वाट सरळ करायची, तुळईचं टोक कापून तिला आडव्या लाकडावर पेलायचं. पण गाड्या निघणार होत्या. मी शिडीवर बराच वेळ उभा होतो. खाली आजोबा ओरडत होते, "काय रे, वरून इंग्लंड दिसतं का?" मी "हो" म्हणालो आणि मातीची पाटी वर ओढली.

याहून वाईट पुढे आहे. बाबा काम संपलं की पहिला जाळ स्वतः पेटवतात ना, आणि तो भडकला की माळ्यावर जाऊन प्रत्येक लाकडाला हात लावून बघतात? गार लागलं तरच हत्यारं आवरतात. अझुबाकाकूनं सरपण रचून ठेवलं होतं. मुली आंघोळी करून बसल्या होत्या, सणासारख्या. आणि मी म्हणालो, "काकू, माती ओली आहे. पहिलं हिंव पडेपर्यंत पेटवू नका, नाहीतर तडे जातील."

थोडा बारीक जाळ करून माती सुकवतात हे मला चांगलं माहीत आहे. पण ती म्हणाली, "बरं झालं रे सांगितलंस. शिकलेला माणूस वेगळाच." मुलींनी सरपण पुन्हा बाहेर नेऊन रचलं.

म्हणजे त्या अजून खोपटातच रांधत असतील, धुरात डोळे चोळत. माझा शब्द पाळून.

तुळई ओकची आहे. ओक लगेच पेट घेत नाही. दोन बोटं माती म्हणजे काही अगदीच कमी नव्हे. नाही ना?

जोथम

•

जेनेसी
२९ ऑगस्ट

ताई,

हे पत्र तुझ्या एकटीसाठी आहे.

इथे खरंच दगड नाहीत. लोकांना धुराड्याला दगड मिळत नाही म्हणून विटा भाजाव्या लागतात. गिरणीवाल्यानं मला काम दिलं. त्याची बायको मक्याच्या घाट्यावर काकवी अशी ओतते की वाटीच दिसत नाही. मी काल भट्टीशेजारी बसून पहिली वीट हातात घेतली आणि तशीच धरून राहिलो. गिरणीवाला म्हणाला, "तिला पाळणा म्हणतोयस का?" सगळे हसले, मीही हसलो. पण वीट काही ठेववेना. ठेवली की वाटे, तिच्यामागे काहीतरी लाकडाचं आहे.

आज सकाळी बाहेर आलो तर भोपळ्याची पानं काळी पडून वेलावर लोंबत होती. गवत पांढरं. ऑगस्टात! म्हातारी माणसंसुद्धा म्हणतायत की असं लवकर कधी पाहिलं नाही.

इथे हिंव पडलं म्हणजे तिकडेही पडलं असेल का? खिंड उंच आहे. पडलंच असेल.

डोळ्यांसमोर सारखं तेच येतंय. काकू सकाळी दार उघडते, गवत पाहते, मुलींना हाक मारते. आज पेटवायचं! सरपण आत आणतात. म्हातारा काठी टेकत माळ्यावर चढतो, खाटेवर बसतो आणि पाठ टेकवतो. मोठा जाळ करतील, पहिलाच म्हणून. आणि मातीच्या आत ते टोक तापायला लागेल. पहिल्या दिवशी काही होणार नाही. तेच वाईट आहे ताई, पहिल्या दिवशी काही होत नाही. लाकूड आतल्या आत करपत राहतं, बाहेर फक्त ऊब येते. बाबा सांगतात तो बार्टनच्या घराचा प्रसंग आठव. सगळी थंडी छान गेली होती त्यांची, आणि मग एका रात्री घर पेटलं.

मी परत निघतोय. गाडी नाही, पायी. गिरणीवाला शिव्या देतोय. बाबांना काही सांगू नकोस. माझं मी निस्तरीन. धुराडं उतरवीन आणि पुन्हा बांधीन, मग त्यांना कळलं तरी चालेल. आत्ता कळलं तर ते काही बोलणार नाहीत, नुसते टोपी काढून आत बघत बसतील. ते मला नको आहे.

जोथम

•

हडसन नदीच्या अलीकडे, एका खाणावळीत
१३ सप्टेंबर

ताई,

मला शिव्या दे.

चांगला चालत होतो. पाय फुटले तरी थांबलो नाही. आणि काल या गावात शिरतो तर रस्त्यावर ही गर्दी! तबेल्यात हत्ती आहे म्हणाले. ताई, हत्ती! हिंदुस्थानातून जहाजानं आणलेला. म्हटलं, एकदा आत डोकावून लगेच निघू.

त्याचं नाक जमिनीपर्यंत येतं. त्यानं त्या नाकानं एका माणसाची टोपी काढली, हुंगली आणि परत त्याच्याच डोक्यावर ठेवली. कातडी आपल्या चुन्याच्या जुन्या पिशवीसारखी. आणि डोळा इतका लहान, इतका थकलेला. तो माझ्याकडे बघत होता. मी तिथेच बसून राहिलो. त्याला पाव दिला. रखवालदाराशी बोलत बसलो, मग नदीपार नेणारी नाव गेली, मग संध्याकाळ झाली.

एक आख्खा दिवस. मी लाकडाला आग लागायच्या आत पोचायला निघालो होतो आणि हत्तीला पाव चारत बसलो.

बाबा बरोबर म्हणाले होते की काय ते मला कळत नाही. ते म्हणाले घाई. हे घाईच्या उलटं आहे. पण दोन्ही एकाच हाताची आहेत.

इथे खिंडीकडून आलेला एक ढोरं हाकणारा भेटला. मी विचारलं, "तिकडे कुठे घर जळालं का?" तो म्हणाला, "घरं जळतच असतात. कुणाचं विचारतोस?" मी उठून नावाड्याकडे गेलो.

पहिल्या नावेनं पलीकडे जातोय.

जोथम

•

हार्लोची खिंड
२२ सप्टेंबर

बाबा,

टेकडीवरून धूर दिसला. खाली उतरेपर्यंत मला कळेना तो कसला आहे. मग छप्पर दिसलं, मग धुराडं, आणि त्याच्या तोंडातून सरळ वर जाणारा निळा धूर. मी पळत गेलो. दारातच ओरडलो, "विझवा! आधी विझवा!"

अझुबाकाकूच्या हातात पावाचं फावडं होतं. ती म्हणाली, "अरे जोथम! विझवू कशाला? भट्टीत पाव आहेत."

मी तिला बाजूला सारून शिडी चढलो. म्हातारा खाटेवर, पाठ टेकून, घोंगडीशिवाय बसला होता. मी तुळईकडे धावलो. ती तिथे नव्हती. म्हणजे होती, पण अलीकडेच संपली होती, आडव्या लाकडावर नीट पेललेली, आणि तिच्या आणि दगडाच्या मध्ये माझा हात सहज जात होता. धुराची वाट सरळ झाली होती. वरचे सगळे थर नवे होते.

मला वाटलं दुसरा कुणी गवंडी. मग दगड पाहिले. मोठा, त्यावर दोन लहान, सांधा कधी सांध्यावर नाही. हा हात मला माहीत आहे. फक्त दगडांवरचे घाव वेगळे होते. हातोड्याचे नव्हते. कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकून ठोकून दगड बसवले होते.

तुमचा हातोडा माझ्या पिशवीत होता.

"तुझा बाप येऊन गेला," ओबेडआजोबा म्हणाले. "बैल घेऊन, ऑगस्ट सरता सरता. आल्या आल्या आधी आमच्या गाईचा खूर पाहिला. मग म्हणाला, मुलानं निरोप धाडलाय, ओल्या मातीचं काम आहे, सुकल्यावर येऊन शेवटचा हात फिरवायचा असं आमचं ठरलंय."

"असं म्हणाले?"

"म्हणाला. माझ्या सुनेला पटलं. ती अजून सगळ्यांना सांगते, बघा, बापलेक कामाला किती चोख." म्हाताऱ्यानं आवाज खाली आणला. "मी मात्र त्याचे कान पाहिले. तांबडेलाल झाले होते. या माणसाला खोटं बोलायची सवय नाही. पहिलंच असावं त्याचं."

मी त्यांच्यासमोर खाली बसलो. म्हटलं, "आजोबा, मी..."

"मला ऐकायचं नाही," ते म्हणाले. "तू सांगितलंस तर तुझा बाप खोटा पडेल, आणि मला इथून उठावं लागेल. मी आत्ता कुठे गरम झालोय."

मग त्यांनी खाटेखालून लाकडाचा एक तुकडा काढला. तुळईचं कापलेलं टोक. तुम्ही त्याच्याजवळ ठेवून गेलात. "हे तुझं. चुलीत घालू नको म्हणालाय. बाकी काही बोलला नाही. इतका कमी बोलणारा माणूस मी फौजेतही पाहिला नाही."

लाकडावर माझी माती अजून आहे. माझ्या अंगठ्याचा ठसा आहे तिच्यात, सफाईनं लिंपलेला.

काकूनं बाकीचं सांगितलं. तुम्ही गोठ्यात झोपलात, आत या म्हटलं तरी आला नाहीत. काम संपलं त्याच पहाटे पांढरं हिंव पडलं. तुम्ही मुलींना सरपण आणायला लावलंत, पहिला जाळ पेटवलात, वर जाऊन हात लावून पाहिलात, आणि बैल जुंपून निघालात. न्याहारीलासुद्धा थांबला नाहीत. काकू म्हणाली, "घरी मका उभा आहे म्हणत होते."

म्हणजे त्या सकाळी तुम्ही इथे होता. आपलं रान तर याहून उंचावर आहे. तिथे त्या पहाटे मक्याचं काय झालं? ताई एकटी किती कापणार? मी भोपळ्याची पानं बघत इथल्या लोकांची काळजी करत होतो, आपल्या मक्याचा विचार माझ्या मनात आला नाही. खरंच आला नाही, बाबा.

तुम्हाला कळलं कसं, हेही आता उमगलं. ताईनं सांगितलेलं नाही, तिला दुसरं पत्र मिळायच्या आतच तुम्ही निघाला असणार. मीच सांगितलं होतं, पहिल्याच पत्रात, फुशारकी मारत. "त्या सुतारालाही सापडायची नाही." तुम्ही तिथे टोपी काढली असेल.

आज सकाळी काकूला मोठा जाळ करायला लावला. ती म्हणाली, "किती रे परीक्षा घेता तुम्ही बापलेक!" मी माळ्यावर गेलो आणि प्रत्येक लाकडाला हात लावला. सगळी गार आहेत. शेवटच्या तुळईवरचा हात मी लवकर काढला नाही. म्हातारा म्हणाला, "आता ती तुझ्या हातानंच तापायला लागेल, सोड."

मी घरी येतोय. पण वाटेत काही दिसलं की मी थांबतो हे तुम्हाला माहीत आहे, आणि आता मलाही माहीत आहे. म्हणून हातोडा आणि हे पत्र हडसनकाठी भेटलेल्या आणि आता परत निघालेल्या त्या ढोरंवाल्याबरोबर पुढे पाठवतोय. तो कशासाठी थांबत नाही. मला उशीर झाला तरी तुम्हाला आणखी एक दिवसही कुऱ्हाडीच्या पाठीनं दगड ठोकायला लागू नये. लाकडाचा तुकडा मी ठेवून घेतलाय.

मका गेला असेल तर तेही मला सांगा, लपवू नका. ब्राइटच्या माशा मी हाकीन. तो गडगाही मी पुन्हा लावीन, डीकनच्या समोर लावीन.

ताई, हे सगळं मोठ्यानं वाच. या वेळी काही गाळू नकोस.

जोथम